दशांशचिन्ह कोणी द्यायचे?



स्लाइड रूल ही वस्तू आपल्यापैकी किती जणांनी हातात धरली असेल? आज सत्तरीच्या आसपास असलेले जे कोणी पाटबंधारे खात्यात, बांधकाम खात्यात किंवा पॉलिटेक्निकमध्ये होते, त्यांना ती नक्की आठवेल. दिसायला साधी फूटपट्टी. पण तिच्या मधोमध दुसरी एक पट्टी आत-बाहेर सरकते, आणि वरून एक पारदर्शक चौकट फिरते. त्या चौकटीवर केसाएवढी बारीक उभी रेघ असते. या पट्टीवर गुणाकार, भागाकार, वर्गमूळ असे सगळे करता येते. साडेतीनशे वर्षे जगातल्या इंजिनिअरांनी पूल, धरणे, आगगाड्या आणि विमाने तिच्या आधाराने उभी केली. १९७२ साली एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत पट्टीचे दिवस संपले.

पट्टीचे दिवस संपले, तरी तिच्यावर प्रेम करणारे संपले नाहीत. जुन्या स्लाइड रूल जमवणारे लोक जगभर आहेत. १९९१ साली अमेरिकेत त्यांनी ऑट्रेड सोसायटी नावाची संस्थाच काढली. विल्यम ऑट्रेड हा इंग्लंडमधला एक धर्मोपदेशक. उपासना आणि प्रवचने सांभाळून तो घरी मुलांना गणित शिकवीत असे, आणि १६२० च्या दशकात मोजपट्ट्या एकमेकींशेजारी सरकवण्याची ही युक्ती त्याला सुचली. पट्ट्यांखेरीज हाताने मूठ फिरवायची गणनयंत्रे जमवणारेही आहेत, आणि लाल आकडे उमटणारे पहिले इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर जमवणारेही. माझ्याकडे तीन पट्ट्या आहेत. त्यामुळे "मोबाइल असताना हे कशाला?" हा प्रश्न मला बाहेर कोणी विचारण्याआधी घरातच विचारला जातो.

प्रश्न खोटा नाही. खिशातला मोबाइल जे एका क्षणात आणि जास्त अचूक करतो, ते सावकाश आणि कमी अचूक करणारी वस्तू सांभाळायची, पुसायची, वापरायची, यात शहाणपण कोणते? आठवणींचा लळा एवढेच उत्तर असेल तर ते चारचौघांत सांगण्यासारखे नाही. मला वाटते यात याहून जड असे काही आहे, आणि त्यासाठी पट्टी कशी चालते हे थोडे पाहावे लागेल.

बारावी विज्ञानाच्या मुलांना हे पटकन कळेल, कारण आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. लॉगॅरिथमची कल्पना जॉन नेपिअर याने १६१४ साली प्रसिद्ध केली. दोन संख्यांचा गुणाकार करायचा असेल तर त्यांच्या लॉगची बेरीज करायची, इतकी ती सोपी आहे. स्लाइड रूल म्हणजे हे लॉग टेबलच, फक्त आकड्यांऐवजी लांबीत मांडलेले. खालच्या पट्टीवरच्या २ वर सरकत्या पट्टीचा १ आणायचा आणि सरकत्या पट्टीवरच्या ३ च्या खाली पाहायचे. तिथे ६ असतो. दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या, गुणाकार झाला.

पण २ गुणिले ३ केले काय, २० गुणिले ३० केले काय, किंवा ०.२ गुणिले ३०० केले काय, पट्टीवर ६ च दिसतो. तो सहा आहे, साठ आहे की सहाशे, हे पट्टी सांगत नाही. लॉग टेबलही सांगत नाही; दशांशचिन्हाची जागा मुलांना स्वतः ठरवावी लागते आणि निम्मे मार्क तिथेच जातात.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा एका रात्रीत चिखलदऱ्यात ३५ मिलिमीटर पाऊस पडला. मैदान, छपरे आणि उतार मिळून २.४ हेक्टर जागेवरचे पाणी किती? पट्टीवर २४ आणि ३५ लावले की उत्तर येते आठ-चार. आता हे ८४ लिटर की ८४ हजार की ८४ लाख? इथे माणसाला पट्टी खाली ठेवून विचार करावा लागतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २.४ हेक्टर म्हणजे २४ हजार चौरस मीटर. म्हणजे दर मिलिमीटरला २४ हजार लिटर. त्याच्या पस्तीस पट म्हणजे आठ लाखांच्या घरात. म्हणून उत्तर ८ लाख ४० हजार लिटर. (ज्या आजोबांची औटकी अजून पाठ असेल त्यांना पट्टीही लागणार नाही. चोवीस औट चौऱ्याऐंशी! पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेणारे ते मास्तर काय देऊन गेले हे आपल्याला उशिरा कळले.) दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर एका रात्रीत ८४ टँकर पाणी दरीत निघून गेले. ज्या तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

इथे काय घडले ते पाहा. अंक पट्टीने दिले, पण ते कितीचे आहेत हे ठरवायला पाऊस, जमीन आणि टँकर डोळ्यांपुढे आणावे लागले. ज्याने पाऊस पाहिला नाही, त्याला दशांशचिन्ह देता येणार नाही. मोबाइलवर तेच गणित केले तर चिन्ह आपोआप येते, आणि चुकून एक शून्य जास्त दाबले गेले तर चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे येते. पाहणारा ते खाली उतरवून घेतो.

दुसरी गोष्ट अंकांच्या संख्येची. हातभर लांबीच्या चांगल्या पट्टीवर तीन अंक वाचता येतात, फार तर डाव्या टोकाला चार. त्यापुढे ती गप्प बसते. कॅल्क्युलेटर आठ-दहा अंक दाखवतो. शेताची लांबी पावलांनी मोजलेली, पाऊस डब्यात मोजलेला, आणि उत्तर मात्र दशांशानंतर सहा स्थळांपर्यंत! त्यातले पहिले दोन अंक आपले, बाकीचे कोणाचेच नाहीत. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे हा सचोटीचा साधा नियम आहे आणि तो आकड्यांनाही लागू आहे.

थोडे पट्टीच्या अंगाबद्दल. युरोपात ती लाकडाची करीत, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जपानमधल्या हेम्मी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबूच्या पातळ पट्ट्या एकत्र चिकटवून, त्यांवर पांढरा सेल्युलॉइड लावून पट्ट्या केल्या. बांबू दमट हवेत फारसा वाकत नाही आणि त्याच्या अंगच्या गुळगुळीतपणामुळे पट्टी सहज सरकते. या पट्ट्या जगभर गेल्या. मेळघाटात राहणाऱ्यांना बांबूची थोरवी वेगळी सांगायला नको. पण टोपल्या, तट्टे आणि मांडव यांपलीकडे तो दिसला की मला उगाच आनंद होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मराठीत ‘उत्तर’ या शब्दापासूनच ‘उत्तरदायी’ हा शब्द झाला आहे. गणिताचे उत्तर यंत्राने दिले तर त्या उत्तराला उत्तरदायी कोण?

हा प्रश्न मोबाइलएवढा नवा नाही. ब्लेझ पास्कालचे नाव आपण शाळेत दाबाच्या नियमामुळे ऐकतो. त्याचे वडील फ्रान्समधल्या रूआँ शहरात करवसुलीचे अधिकारी होते (आपला संत मत्तयही जकातीच्या नाक्यावरचाच). रात्र-रात्र बेरजा करून वडील थकतात हे पाहून १६४२ साली, विशीही गाठली नसताना, पास्कालने बेरजेचे यंत्र करायला घेतले. त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती होती? हातचा. नऊ अधिक एक झाले की पुढच्या घरात एक सरकला पाहिजे. पास्कालने दातेरी चाकांमध्ये एक वजनदार तुकडा असा बसवला की चाक नवावरून शून्यावर येताना तो खाली पडे आणि पुढचे चाक एका घराने ढकली. तोवर हातचा माणूस मनात धरीत असे. आता तो पितळेने धरला. अशा यंत्रांपैकी मोजकीच आज संग्रहालयांत शिल्लक आहेत.

हाच पास्काल पुढे श्रद्धेच्या प्रश्नांकडे वळला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत तो आपल्या यंत्राचा विचार करतो. यंत्राचे काम विचाराच्या बरेच जवळ जाते, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. पण इच्छा, जी साध्या जनावरालाही असते, ती यंत्रात कुठेही नाही, असे तो म्हणतो. यंत्र बेरीज करते. बेरीज बरोबर यावी अशी त्याची इच्छा नसते. चुकली तरी त्याला वाईट वाटत नाही. बेरजेची काळजी करणारा माणूसच लागतो. ज्याने वडिलांच्या काळजीपोटी यंत्र केले त्याला हे दिसावे यात नवल नाही.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे जुने ते सोने आणि पट्टीवाले इंजिनिअर सगळे साधू. तसे मुळीच नाही. क्विबेकच्या पुलाची हकिकत मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवर क्विबेक शहराजवळ रेल्वेचा एक प्रचंड पोलादी पूल बांधला जात होता. मधला गाळा १,६०० फुटांचा ठरला होता. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांच्या सूचनेवरून तो १,८०० फूट करण्यात आला. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, हे शेंबडे पोरही सांगेल. पण वजनाचा जुना अंदाज वेळेवर नव्याने काढला गेला नाही. कूपर म्हातारे आणि आजारी. ते न्यूयॉर्कमध्ये बसत आणि बांधकाम चालू असताना पुलावर येत नसत. वजन अंदाजापेक्षा बरेच जास्त आहे हे लक्षात आले तेव्हा बरेच पोलाद तयार होऊन चढलेही होते. कूपर यांनी विचार केला आणि चालेल असे ठरवले.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या तुळयांना बाक आलेला दिसू लागला. बाक मोजला गेला. तो पाऊण इंच होता, मग सव्वादोन इंच झाला. मोजणारा तरुण इंजिनिअर न्यूयॉर्कला धावला. २९ ऑगस्टला कूपर यांनी तार केली की पुलावर आणखी भार चढवू नका. पण तार गेली दुसऱ्या गावातल्या कंपनीच्या कचेरीत. पुलावरच्या माणसांपर्यंत तो निरोप पोहोचला नाही. त्याच संध्याकाळी, काम सुटायच्या सुमारास, पूल नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर ८६ माणसे होती. त्यांतली ७५ गेली.

त्यांपैकी ३३ जण मोहॉक या आदिवासी जमातीचे, काह्नवाके नावाच्या एकाच गावचे होते. उंच लोखंडी सांगाड्यावर चालण्यात ते वाकबगार. गाव कॅथलिक; तिथल्या चर्चला संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव आहे आणि संत कातेरी तेकाक्विथा यांचे अवशेष तिथेच आहेत. या कातेरींना २०१२ साली संतपद जाहीर झाले, तेव्हा आदिवासी समाजातली एक मुलगी वेदीवर पोहोचली म्हणून जगभर आनंद झाला होता. त्या गावच्या दफनभूमीत पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.

सरकारी आयोगाने १९०८ साली अहवाल दिला आणि बोट ठेवले ते दोन इंजिनिअरांच्या निर्णयातल्या चुकीवर. हत्यारे सगळी होती: पट्ट्या होत्या, लॉग टेबले होती, आणि बाक मोजणाराही प्रामाणिक होता. आकडाही बरोबर होता. सव्वादोन इंच. पण "हा आकडा माझा आहे, काम थांबवा" असे जागेवर म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे हेच ठरले नव्हते. प्रत्येक जण उत्तर पुढच्याकडे पाठवीत होता. हातचा फिरत राहिला, कोणी धरलाच नाही.

म्हणून पट्टी वापरली की माणूस जबाबदार होतो असे मी म्हणत नाही. पट्टी फक्त एवढे करते की जबाबदारीची जागा रिकामी आहे हे ती लपवत नाही. दशांशचिन्हाची जागा कोरी ठेवते आणि आपल्याकडे पाहते. नवी यंत्रे ती जागा भरल्यासारखी दाखवतात. ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून हिशेबाची होरायझन नावाची संगणक प्रणाली आली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. खेडोपाडीच्या पोस्टमास्तरांनी परोपरीने सांगितले की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण संगणक चुकत नाही असे धरून चालणाऱ्यांनी त्यांनाच चोर ठरवले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०२४ साली संसदेला खास कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. क्विबेकमध्ये निदान चौकशी आयोगाला दोन माणसांची नावे घेता आली.

आता आपल्या घराजवळ येऊ. मेळघाटात बालकांचे कुपोषण हा विषय १९९३ पासून वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात गाजतो आहे. या कामात एक अगदी साधे मोजमापाचे साधन आहे, आणि ते मला स्लाइड रूलच्या सख्ख्या बहिणीसारखे वाटते: दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची आणि खिडकीतून रेघ वाचायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आले तर तांबडा रंग, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. बॅटरी नाही, पडदा नाही. पण तिला वाचायचे तर बाळ मांडीवर घ्यावे लागते, त्याचा दंड हातात धरावा लागतो. तो दंड केवढा बारीक आहे हे आकडा वाचण्याआधी बोटांना कळते.

पूर्वी अंगणवाडीत वाढीचा कागदी तक्ता असे. सेविका दर महिन्याला वजनाचा ठिपका देई आणि ठिपके रेघेने जोडी. रेघ आडवी झाली की ती काढणाऱ्या हातालाच समजे की बाळाची वाढ थांबली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आले. वजन-उंची भरली की श्रेणी ॲपच ठरवते. ॲप वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. गणिताचा वेळ वाचतो, नोंद ताबडतोब वर पोहोचते, आणि डोंगरातल्या पाड्यांवर फिरणाऱ्या सेविकेचा वाचलेला वेळ मोलाचा आहे. पण एक उदाहरण पाहा. तीव्र कुपोषणात काही बाळांच्या अंगावर सूज येते. सुजेच्या पाण्याचेही वजन भरते. काट्यावर आकडा बरा दिसतो आणि बाळ मात्र मरणाच्या दारात असते. म्हणून आरोग्याचा नियम असा की दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद दाबून पाहायचे. खळगा तसाच राहिला तर वजन कितीही भरो, ते बाळ तीव्र कुपोषितच धरायचे आणि उपचाराला पाठवायचे. अंगठा हा इथे दशांशचिन्ह देतो. तो कोणत्याही ॲपमध्ये बसवता येत नाही. ॲपमध्ये फक्त अंगठ्याने काय सांगितले ते भरता येते, तेही कोणी दाबून पाहिले असेल तर.

आणि जे भरलेच जात नाही त्याचे काय? डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल लिहिला. महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी दप्तरात दाखवले जातात त्याहून पुष्कळ जास्त आहेत, हे त्यांनी गावोगावच्या मोजणीतून दाखवून दिले. दप्तरातल्या बेरजा चुकलेल्या नव्हत्या. जी बाळे लिहिलीच गेली नाहीत ती कोणत्या यंत्राच्या बेरजेत येणार?

जुनी यंत्रे जमवण्याविषयी आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. संग्राहकांमध्ये सर्वांत मानाची वस्तू म्हणजे कुर्टा. मिरपूड दळायच्या यंत्रासारखे मुठीत मावणारे काळे नळकांडे, वर छोटी मूठ. ती फिरवली की बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. तिचा कर्ता कुर्ट हेर्झस्टार्क हा व्हिएन्नाचा. वडील ज्यू, आई कॅथलिक. १९४३ साली नाझींनी त्याला बुखेनवाल्ड छळछावणीत टाकले. हा यंत्रे बनवणारा आहे हे अधिकाऱ्यांना कळले, तेव्हा त्यांनी सांगितले की या छोट्या यंत्राचे आराखडे काढ. युद्ध जिंकल्यावर ते फ्यूररला भेट देऊ आणि तुला आर्य करू. त्याने छावणीत बसून, आठवणीतून, पेन्सिलीने आराखडे काढले. ते काम हाती होते म्हणून तो जगला. १९४५ च्या एप्रिलमध्ये सुटका झाली आणि १९४८ पासून लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात कुर्टाचे उत्पादन सुरू झाले. सुमारे १ लाख ४० हजार नग निघाले.

आता या यंत्राकडे कसे पाहायचे? काहींना वाटते, छळछावणीतून आलेली वस्तू कौतुकाने कपाटात ठेवणे बरे नव्हे. मला ते पटत नाही. यंत्र नाझींचे नव्हते, त्या कैद्याचे होते. छावणीचे हिशेब मात्र त्यांचे होते. तिथे माणसांना नावाऐवजी क्रमांक होते, याद्या काटेकोर होत्या, शिरगणती चुकत नसे. आकड्यांची एवढी शिस्त आणि त्यातून केलेले एवढे पाप! त्या आकड्यांच्या मधे बसून एक माणूस स्वतःच्या बुद्धीने काहीतरी घडवीत होता. ते हातात धरून फिरवावे, मुलांना फिरवू द्यावे आणि ही हकिकत सांगावी, यात मला गैर दिसत नाही. गैर दिसते ते दुसरेच: आज कुर्टासाठी मोठी रक्कम मोजून ती तिजोरीत ठेवणे, कधीही न फिरवणे, आणि पुढे कोणी जास्त देईल याची वाट पाहणे. वापरायची वस्तू वापरातून काढून नुसती मालकीची केली की ती सोन्याच्या वळ्यासारखी होते. मग तिच्यात आणि सावकाराच्या पेटीत फरक राहत नाही. आपल्यासारख्यांना कुर्टा परवडणारही नाही, हे एका अर्थी बरेच आहे.

साधी स्लाइड रूल मात्र एखाद्या घरात अजून निघू शकते. आजोबांची, काकांची, एखाद्या निवृत्त ओव्हरसिअरची ट्रंक उघडली तर चामड्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या म्यानात ती सापडेल. ती भंगारात देऊ नये. पट्टी अडकत असेल तर जोराने ओढू नका आणि पाण्यात तर मुळीच बुडवू नका. लाकूड किंवा बांबू असेल तर फुगेल. फडके जेमतेम ओले करून पुसा, लगेच कोरड्याने पुसा, आणि खाचेत मेणबत्तीचा तुकडा हलकेच फिरवा. स्पिरिट लावू नका, आकड्यांची शाई निघून जाते. उन्हात ठेवू नका. चौकट जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि पिवळी पडून तिला कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल, तर ती काढून वेगळी ठेवा, नाहीतर तिच्या वाफेने बाकीची पट्टी खराब होते.

मग आठवी-नववीच्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. २ वर १ आणा, ३ खाली पाहा. तो म्हणेल, "सहा." त्याला विचारा, सहा की साठ?